सावनेर रोडवरचं वाक्य

आमच्या बेसाच्या कॉलनीत माझ्या नवऱ्याला सगळे 'सर' म्हणतात. मीही तेच म्हणते. लग्न झालं तेव्हा नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि 'अहो' म्हणून हाक मारली तर ती त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाही, कारण ते स्वतःच बोलत असायचे. सर हायस्कूलला मराठी शिकवायचे. शाळेत उरलेलं बोलणं घरी आणायचे. मी घरी शिवणवर्ग चालवते. पुढच्या खोलीत दोन मशीन आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना काज करता करता कर्मणी आणि भावे प्रयोगही शिकून जावे लागायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली सकाळ. सर तर्री-पोहे खात होते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातला कुठलासा घोळ मला सांगत होते. मध्येच म्हणाले, "जरा तो खडू दे."

ते लिंबाच्या फोडीकडे बोट दाखवत होते. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलेसुद्धा.

"खडू," ते पुन्हा म्हणाले. "खडू, खडू." मग चमचा हातातून पडला, आणि तोंडाची उजवी बाजू कुणीतरी खाली ओढल्यासारखी झाली.

गाडी पोर्चमध्ये उभी होती. किल्ली खिळ्यावरून काढून मी धावत बाहेर आले आणि दारापाशी उभी राहिले. मला गाडी येत नव्हती. साधी स्कूटीही कधी चालवली नव्हती. मी जन्मभर मागच्या सीटवर बसलेली बाई. समोरच्या घरातले बँकेतले साहेब ड्युटीला निघायच्या बेतात होते. मी किल्ली वर धरून त्यांच्या नावाने ओरडले. ते तसेच चप्पल न घालता आले आणि आम्हाला रामदासपेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेले. वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

"पाय सुधारेल, चालतील," डॉक्टर म्हणाले. "हातही बराच सुधारेल. बोलण्याचं मात्र आत्ता सांगता येत नाही."

"कधी सांगता येईल?"

"तेही सांगता येत नाही, ताई."

डॉक्टर भले होते. खोटं बोलले नाहीत. पण ते 'सांगता येत नाही' माझ्यासोबत घरी आलं आणि घरातच राहायला लागलं.

सर घरी आले. काठीने हळूहळू चालायला लागले. त्यांना सगळं समजायचं. पेपर उघडून बसायचे, बातम्या पाहून मान हलवायचे. पण बोलायला गेले की एखादाच शब्द यायचा आणि तोही चुकीचा. पाण्याला 'शाळा' म्हणायचे. मला एकदा 'छत्री' म्हणाले. आपण चुकलो हे त्यांना लगेच कळायचं, आणि मग ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचे.

मला रात्री झोप लागायची, कारण दिवसभर अंग दमायचं. माझी वाईट वेळ दुपारची होती. सर झोपलेले, वर्ग बंद ठेवलेला, रस्त्यावर कुणी नाही. मी कापड पसरून कात्री घ्यायचे आणि मन पुढे पळायला लागायचं. सरांना पुन्हा शिकवता येईल का? नाही आलं तर दिवसभर घरी बसून ते काय करतील? असेच गप्प बसून म्हातारे होतील? पुन्हा झटका आला तर? मला काही झालं तर यांना पाणी हवंय हे कुणाला कळेल? एक प्रश्न दुसऱ्याला बोलावून आणायचा. छातीत धडधड सुरू व्हायची, तळहात ओले व्हायचे, श्वास वरच्या वर राहायचा. एका दुपारी मी एका बाईच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. तो आठवडाभर राहून गेला. जाताना म्हणाला, "आई, तुम्ही दोघं तिकडेच चला. इथे एकटे कसे राहाल?" मी म्हटलं, उन्हाळा जाऊ दे, मग बघू. पण पुण्याचं नाव काढलं की सर डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट पकडायचे.

मुलगा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी नणंद आली. सावनेरहून, एसटीने, एक पिशवी आणि एक उशी घेऊन. सरांची मोठी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. मिस्टर वारल्यापासून एकट्याच राहतात आणि जुनी जीप स्वतः चालवत शेतावर जातात. त्यांनी भावाला पाहिलं, गालाला हात लावला, आणि मला म्हणाल्या, "मी राहतो इथंच. तू पहिले जेव."

त्यांनी दोनतीन दिवस मला नुसतं पाहिलं. मग एका दुपारी मी कापडापुढे कात्री घेऊन तशीच बसलेली असताना समोर येऊन बसल्या.

"वयनी, काय विचार करून राहिली वं?"

"काही नाही, ताई."

"काही नाही कशी? घामानं भिजली तू. आन् पंखा त चालू आहे."

मला रडू आलं. मी सगळंच सांगितलं. शाळेचं, पुण्याचं, म्हातारपणाचं, दुसऱ्या झटक्याचं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे सारं एका दमात नको सांगू. यातलं सगळ्यात मोठं भेव कोणतं? एकच सांग."

मी विचार केला. उत्तर आलं ते अगदी स्पष्ट होतं. "पुन्हा तसं झालं, आणि समोरचे साहेब घरी नसले तर."

"मंग?"

"मी किल्ली घेऊन तशीच उभी राहीन, ताई."

"हे पाह्य," त्या म्हणाल्या, "त्याची वाचा येते का नाही, ते ना तुह्या हातात, ना माह्या. डॉक्टरच्याही नाही. पण गाडी त दारात उभी आहे. ते शिक."

"मला? आता? पन्नाशी ओलांडली, ताई."

"त का पन्नाशीवाल्याले गाडी चढू देत नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आधी त्यांनी मला गाडीत बसवलं. बेसाच्या पुढे नवे लेआउट पडलेत. रस्ते आखलेले, विजेचे खांब उभे, पण घरं अजून नाहीत. तिथल्या एका रिकाम्या रस्त्यावर त्यांनी जागा बदलली आणि मला स्टिअरिंगसमोर बसवलं. सर मागच्या सीटवर होते. त्यांना घरी एकटं ठेवणं शक्यच नव्हतं.

क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची. पुन्हा चालू, पुन्हा उडी. मागून सरांच्या घशातून एक आवाज यायचा. त्या आवाजाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. वर्गात पोराने 'आणी' असं लिहिलं की ते असाच आवाज काढायचे.

"मले नाही जमत, ताई," मी म्हटलं. घाबरले की माझी बोलीही माहेरची होते.

"मशीनच्या पायट्यावर पाय कसा ठेवते तू? धपकन टाकते का?"

"नाही. हळूहळू दाबते."

"त मंग इथं काहून आदळून राहिली? तोच पाय आहे ना तुहा?"

मी डोळे मिटले नाहीत, पण पायाला मात्र मशीनवर असल्यासारखं वाटू दिलं. जाड कापडावर टाके घालताना द्यावा लागतो तसा जरा जरा दाब. गाडी हलली. एखाद्या बैलासारखी सावकाश, पण हलली, आणि चालत राहिली. विजेचे खांब मागे जायला लागले. मी ओरडले, नणंद ओरडल्या, आणि मागून सरांनी डाव्या हाताने सीटच्या पाठीवर थाप मारली.

घरी येऊन चहा घेताना माझ्या लक्षात आलं, की गाडीत होतो तितका वेळ मी उद्याचा विचारच केला नव्हता. समोरचा खड्डा, कुत्रं, दुधवाला, यांच्यातच मन गुंतलं होतं. त्या दुपारी धडधड झाली, पण कमी झाली. मी वर्ग पुन्हा सुरू केला.

उन्हाळा वाढला. कूलरमध्ये नवी खस भरली. आम्ही पहाटेच निघायचो आणि ऊन डोक्यावर यायच्या आत परतायचो. सर रोज येत. लेआउटमधून मी बेसा रोडवर आले, मग मनीषनगरच्या गर्दीत. ऑटोवाले अंगावर यायचे, मी हॉर्नवर हात ठेवून रडकुंडीला यायचे. एकदा चौकात गाडी बंद पडली आणि मागे एवढे हॉर्न वाजायला लागले, की मी उतरून पळून जायच्या बेतात होते. नणंदबाईंनी काच खाली करून बाहेर डोकं काढलं आणि मागच्या सगळ्यांना असं काही सुनावलं, की चौक गप्प झाला. मग मला शांतपणे म्हणाल्या, "न्यूट्रल कर. चावी फिरव. तुह्याशिवाय कोणी जात नाही पुढं."

वैशाखात बुद्धपौर्णिमा आली. आम्ही तिघं विहारात गेलो. सरांना आजारपणानंतर लोकांत जायला नको वाटायचं. कुणी विचारलं आणि भलताच शब्द निघाला तर? पण बहिणीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. खुर्ची टाकून त्यांना मागच्या बाजूला बसवलं आणि आम्ही दोघी शेजारी थांबलो. सगळे हात जोडून उभे राहिले आणि वंदना सुरू झाली.

मी डोळे मिटून म्हणत होते. थोड्या वेळाने माझ्या बाजूने मला एक आवाज ऐकू आला. जाड, थोडा अडखळता, पण ओळखीचा. मी डोळे उघडले. सर म्हणत होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं, एकही शब्द न चुकता ते सगळ्यांबरोबर म्हणत गेले. ज्यांना सकाळी 'चहा' म्हणता आलं नव्हतं, त्यांच्या तोंडून लहानपणापासून पाठ असलेली पाली वंदना सरळ बाहेर पडत होती. त्यांनाही ते कळलं असावं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते थांबले नाहीत. नणंदबाईंनी माझा हात इतका जोरात धरला, की बांगडी रुतली.

धंतोलीत आम्ही वाचा-उपचाराला जायचो. तिथल्या तरुण बाईंना मी दुसऱ्याच दिवशी हे सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, पण आनंद झाला. पाठ असलेलं आणि गायलेलं कधी कधी वेगळ्या वाटेने येतं, असं त्या म्हणाल्या. त्या वाटेने इतर शब्दही आणून बघू. मग घरात नवा प्रकार सुरू झाला. पाणी हवं असेल तर सर ते चालीवर मागायचे. 'पाणी द्या' हे दोन शब्द ते अंगाईच्या सुरात म्हणायचे आणि आम्ही दोघी हसू आवरत पाणी द्यायचो. हळूहळू सूर गळला, शब्द राहिले. पण दोन-तीन शब्दांच्या पुढे गाडी जाईना. अख्खं वाक्य येईना. डॉक्टरांना विचारलं तर तेच उत्तर.

लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. मैदानावर गाडी मागे घेताना खांबाला लागली. घरी येऊन मी लायसन्सचा विषयच बंद केला. संध्याकाळी सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि किल्ली माझ्या मांडीवर टाकली.

"चल," ते म्हणाले. "मागे. मागे."

बापरे, किती वेळ आम्ही त्या लेआउटमध्ये गाडी मागे घेत होतो! सर खाली उतरून काठीने खुणा करायचे. शाळेत कवायत घेतल्यासारखे. दुसऱ्या परीक्षेत मी एकाच फेरीत गाडी दोन खांबांच्या मधोमध नेऊन उभी केली. परीक्षक साहेबांनी सही केली आणि पुढच्याला हाक मारली. त्यांच्यासाठी ती रोजचीच गोष्ट होती. मी मात्र मैदानाबाहेर येऊन नणंदबाईंना उचलायचा प्रयत्न केला. जमला नाही, त्या चांगल्या वजनदार आहेत.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या तशा नणंदबाई म्हणाल्या, आता मी घरी जातो, शेतात कापूस वेचायले आला असंल. एसटीची वेळ बघायला लागल्या.

"एसटी कशाले?" मी म्हटलं. "मी सोडून देतो तुम्हाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सावनेरपर्यंत? हायवेनं?"

"हो."

शब्द निघून गेला होता. सकाळी निघालो. सर माझ्या शेजारी, नणंदबाई मागे, त्यांची पिशवी आणि उशी त्यांच्या बाजूला. वर्धा रोड, सीताबर्डी, सदर, मानकापूर. शहर कसं पार केलं ते मला आजही नीट आठवत नाही. एकीला एक चिकटलेल्या गाड्या आणि माझ्या हातांचा घाम एवढंच आठवतं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना पांढरी झालेली कपाशी.

आणि पुढे कोळशाचा ट्रक आला. काठोकाठ भरलेला, वर ताडपत्री फडफडतेय, मागून काळी भुकटी उडतेय. माणूस चालतो तेवढ्या वेगाने तो जात होता. मी त्याच्या मागे गाडी लावली. ट्रकला मागे टाकायचं म्हणजे दुसऱ्या बाजूला जायचं, आणि ते मी आजवर कधीच केलं नव्हतं. काचेवर भुकटी बसायला लागली. मागच्या गाड्या आम्हाला आणि ट्रकला, दोघांनाही मागे टाकून पुढे जात होत्या. मी ठरवलं, सावनेरपर्यंत असंच जायचं, काय बिघडतं?

सर अस्वस्थ झाले. डावा गुडघा हलायला लागला. घशातून तो आवाज आला, एकदा, दोनदा. मी लक्ष दिलं नाही. आणि मग माझ्या बाजूच्या सीटवरून, मोठ्यांदा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात आलं:

"अवं, रस्ता रिकामा आहे पुरा, काहून त्या ट्रकच्या मागं मागं चालली?"

मला वाटलं, नणंदबाई बोलल्या. मग आरशात पाहिलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. सर स्वतःही आमच्याकडे बघत होते, कोण बोललं ते शोधत असल्यासारखे.

"जाऊ?" मी विचारलं.

"जा ना!" सर म्हणाले.

मी पुढे पाहिलं. रस्ता खरंच रिकामा होता. हॉर्न दिला, गिअर बदलला, पाय दाबला आणि उजवीकडे घेतली. ट्रकची चाकं सरांच्या खांद्याजवळून मागे सरकत गेली, मग ड्रायव्हरचं दार, मग आरशात नंबरप्लेट, आणि मग समोर फक्त लांबवर गेलेला रस्ता आणि ऊन. मी डावीकडे आले तेव्हा नणंदबाई मागे उभ्याच राहायला बघत होत्या. टपावर डोकं आपटलं, तरी त्यांचं हसणं थांबेना. सर हसत होते, मी रडत होते, आणि गाडी सरळ चालली होती.

सावनेरला पोचेपर्यंत सर बोलत होते. सगळं बरोबर नव्हतं. कपाशीला 'दही' म्हणाले, वाटेतल्या पाटणसावंगी गावाला भलतंच काहीतरी म्हणाले. पण वाक्यं होती. कर्ता, कर्म, क्रियापद, आणि शेवटी माझ्या गाडी चालवण्यावर टीका. नणंदबाईंच्या घरी पोचलो तेव्हा त्यांनी शेजारणीला बोलावून आणलं आणि भावाला म्हणाल्या, "बोल गा, काहीही बोल." सर लाजले. मग म्हणाले, "चहा ठेव, ताई." शेजारीण बिचारी विचारात पडली, की यात दाखवण्यासारखं काय आहे.

परतीला आम्ही दोघंच होतो. ऊन उतरलं होतं, आणि मी आणखी दोन ट्रक मागे टाकले. दुसऱ्याच्या वेळी सरांना काही सांगावं लागलं नाही.

त्यानंतर पुण्याचा विषय निघाला तो मुलगा आला तेव्हा. विमानतळावर तो ऑटो शोधत होता. मी समोर गाडी थांबवून काच खाली केली तर आधी त्याने ओळखलंच नाही. बाजूला सरकून उभा राहिला, मला वाट देण्यासाठी. ओळखल्यावर बॅग तिथेच टाकून हसत सुटला. घरी जाताना बाबांशी बोलला, आरशातून मला पाहत राहिला, आणि जेवताना म्हणाला, "तुम्ही इथेच बरे आहात." सरांनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी सरांना पाचवीचा एकच तास दिला. बघू, म्हणाल्या. सरही म्हणाले, बघू. पहिल्या दिवशी मी त्यांना सोडायला गेले आणि फाटकाबाहेर कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावून बसले. वर्ग रस्त्याच्या बाजूलाच होता. खिडकीतून दिसत होतं, ऐकूही येत होतं. सर फळ्यावर डाव्या हाताने काहीतरी लिहीत होते. मग वळून म्हणाले, "मुलांनो, माझे शब्द कधी कधी हरवतात. हरवला, की तुम्ही शोधून द्यायचा. जो आधी देईल, त्याला शाबासकी."

पहिला शब्द लगेचच हरवला. पन्नास पोरं एकदम ओरडली. बहुतेक सगळ्यांची उत्तरं चूक होती, आणि सर त्यांना व्याकरणासकट दुरुस्त करायला लागले.

अजूनही एखादी दुपार वाईट जाते. डॉक्टर अजूनही सांगता येत नाही असंच म्हणतात, आणि आता मीही त्यांना विचारायचं सोडलंय. त्या पहिल्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली. सर काठी टेकत फाटकाबाहेर आले, दार उघडून शेजारी बसले, आणि पट्टा लावायच्या आधीच पाचवीतली कोणती पोरगी कशी हुशार आहे हे सांगायला लागले. मी गाडी चालू केली.